भरतीच्या हवाली

सुईणबाईला भरतीआधी बेटावर पोचायचंच होतं. तिथल्या दीपस्तंभावर तिची धाकटी जाऊ पहिल्या बाळंतपणात अडली होती. वादळात होडी फुटलेली. ओहोटीत उघडी पडणारी दलदल तुडवत जायचं, एवढीच वाट उरली होती. सोबत दीर होता, दीपस्तंभाचा राखणदार. वहिनीला न्यायला तो कळा देणाऱ्या बायकोला एकटी टाकून आला होता.

वाट दाखवायला दलदलीत जागोजागी खुंट रोवलेले होते. पण ते लांबचा वळसा घेत.

"खुंट सोडा, भाऊजी. ही दलदल माझ्या पायांना पाठ आहे."

"घरून निघताना देवाला हात जोडलेत ना, वहिनी? मग त्याला विचारा तरी."

"एवढ्याशासाठी त्याला कशाला त्रास? मला जमतं."

देवापुढे बसल्याशिवाय पाण्याचा घोटही न घेणारी ही बाई! दिवा त्याच्यापुढे लावायची आणि भिस्त मात्र आपल्या पायांवर ठेवायची.

खुंट सोडून ती सरळ निघाली, तो मागोमाग. पण वादळाने तळच हलवला होता. पाऊल पडलं. मांडीपर्यंत गेलं! दुसरंही गेलं. ओढावं तसा चिखल आवळत चालला.

"लांब व्हा, भाऊजी! अडकलेल्याला हाताने ओढायचं नाही, मामंजींनी किती वेळा सांगितलंय."

"मग बाळंतपण काय मी करू?" म्हणत त्याने तिच्या काखेत हात घातले आणि पाय रोवून खेचलं. ती तसूभर हलली नाही. तो कमरेपर्यंत रुतला.

क्षितिजावर पांढरी रेघ उमटली. भरती!

अडकलात तर पाठीवर पडा, हात पसरा, पाणी येऊ द्या; पाणीच चिखल सैल करतं, असंही सासरे सांगत. पण बुडवायला येणाऱ्या पाण्यापुढे आडवं पडायला छाती कुणाची? सुईण नखं तुटेपर्यंत चिखल उपसत राहिली. उपसावा तितका तो परत भरे.

"देवा, माझ्याच्यानं होत नाही. तूच धर."

ती मागे झुकली. पाणी कानांत शिरलं. ओठांवर आलं. उठावं म्हणून सारं अंग ओरडत होतं. ती उठली नाही. आणि खाली चिखलाने पकड सोडली. एक पाय सुटला. मग दुसरा!

"भाऊजी, पाठीवर पडा!"

"आधी एक पाय निघू दे, वहिनी!"

झटून झटून तो छातीपर्यंत गेला होता. पोहत जाऊन तिने त्याची हनुवटी उचलून धरली. पाणी हनुवटीवरून गेलं, डोक्यावरून गेलं. तिच्या मनगटावरची त्याची बोटं बराच वेळ आवळलेली होती. मग ती आपली आपण सैल झाली.

लाटांनी तिला बेटाच्या पायऱ्यांवर नेऊन टाकलं.

बाळ आडवं होतं. रक्ताळलेले हात कढत पाण्याने धुऊन, "तूच धर," म्हणत तिने ते फिरवलं. मुलगी झाली. रडली.

"हे मागे राहिले का?" जाऊ दमून हसली. "येतील ओहोटीला. खुंट सोडून कधी चालायचे नाहीत."

सुईणीने बाळ तिच्या छातीवर ठेवलं. आता सांगायची ही भीती भरतीहून मोठी होती. पुन्हा एकदा तिने मनातल्या मनात तेच दोन शब्द म्हटले: तूच धर. ते म्हणून ती जावेजवळ बसली.

"आज मी त्यांना खुंट सोडायला लावले," ती म्हणाली.