चौथी जोडी

जपानमधल्या कागोशिमाच्या त्या छोट्या विमानकंपनीत विमान सुटलं, की खालचे तिघे कामगार ओळीत उभे राहून पांढरे हातमोजे घातलेले हात हलवत. ज्वालामुखीची राख पडत असली, तरीही. सुरक्षा कक्षातल्या किरिनोबाईंना त्याचं कौतुक नव्हतं. वैमानिकांचे अहवाल वाचायचे आणि प्रत्येकातून एक तरी सुधारणा पिळून काढायची, हे त्यांचं काम.

कॅप्टन नागासाकोचा अहवाल आला. निरोपाला चौघे होते. चौथा हात हलवत नव्हता, 'थांबा' म्हणून वर धरून उभा होता. नागासाको थांबला. सामानाच्या कप्प्याचं दार नुसतं लोटलेलं निघालं.

कक्षाचे प्रमुख सामेशिमासाहेबांनी कागद भिरकावला. "पगार तिघांना देतो आपण. हा चौथा हौसेनं राबतो? नागासाकोचे डोळे तपासा. तोवर त्याचं उड्डाण बंद."

"आणि दार, साहेब?"

"लावलं ना?"

"लावलं. पण याचे डोळे तपासलेत, तर पुढचा वैमानिक बघूनही गप्प बसेल. मग विमान उघड्या दारानंच उडेल."

"मग सुधारणा काय लिहिणार? भुताला ओळखपत्र?"

बाईंनी लिहिलं, 'न हलणारा हात दिसल्यास विमान थांबवावे. हात कोणाचा, हे विचारू नये.'

साहेबांनी सही केली. "पुन्हा असलं आलं, तर डोळे तुमचे तपासू."

महिन्याभरात आलं. वैमानिक दुसरा. इंधनाचं झाकण उघडं होतं. 'हातात हातमोजा नसल्याने हात राखेत उशिरा दिसला,' असंही त्यानं लिहिलं होतं.

बाईंनी कामगारांच्या खोलीत खुंटीवर हातमोज्यांची चौथी जोडी टांगली.

"कोणासाठी?" साहेबांनी विचारलं.

"उशिरा दिसू नये म्हणून."

साहेब खो खो हसले.

पुढच्या आठवड्यात बैठकीसाठी साहेब स्वतःच एका बेटावर निघाले. विमान हललं आणि थांबलं. उडाल्यावर चाकं आत घेता यावीत म्हणून काढायची खीळ तशीच राहून गेली होती.

साहेब परतले, ते थेट बाईंच्या टेबलापाशी.

"खिडकीतून मोजले मी."

"किती?"

नागासाकोला उड्डाण परत देण्याचा कागद साहेबांनी स्वतःच पुढे ओढला, सही केली.

संध्याकाळी बाई कामगारांच्या खोलीत गेल्या. तिघे कधीच घरी गेले होते. त्यांच्या तीन जोड्या धुऊन वाळत होत्या, गार.

चौथीवर राख होती.

झटकण्याआधी बाईंनी एका हातमोज्यात हात घातला.

आत घामाची ओल होती. आणि ऊब.