कुठल्या खोलीत ठेवायचं

आमच्या संस्थेत संग्रहाच्या दोनच खोल्या. एक जिवंत, एक मेलेली. सगळे तसंच म्हणतात. जिवंत खोलीत बुरशा, जिवाणू, शेवाळं. त्यांना वेळच्या वेळी खायला घालावं लागतं, आणि बाहेर पडताना प्रत्येकाने साय काढलेल्या दुधात हात बुडवायचे, म्हणजे बोटांवरून रोग कुठे जात नाही. मेलेल्या खोलीत दाबून वाळवलेली फुलं, पेंढा भरलेले पक्षी, दगड. तिथे कसलं दूध आणि कसलं काय.

आमचा विषाणू या दोन्हींत नव्हता. ट्युलिपच्या पाकळ्यांवर लाल पट्टे उठवणारा हा विषाणू वाळवलेल्या रसाच्या कुप्यांत, बोळातल्या जुन्या फ्रिजमध्ये पडून होता. कारण तो जिवंत की मेलेला, यावर आमच्या शहाण्यांचं कधी एकमतच झालं नाही. या वसंतात अग्निशमनवाल्यांनी बोळ रिकामा करायला लावला आणि आमचं घोडं अडलं.

"अगं रिन्स्के, तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही," आमची प्रमुख आलेइडा म्हणाली. "मेलेलाच की."

"एकाचे हजार होतात त्याचे."

"दुसऱ्याच्या पेशीत शिरून, दुसऱ्याच्या जिवावर. तसा तर माझा जावईही जगतो. त्याला मी जिवंत म्हणत नाही."

आम्ही दोघी हसलो, आणि कुप्या मेलेल्या खोलीत गेल्या. नेल्या मीच. एक कुपी बोटांत पिचली. भुकटी पुसली, हात झटकले आणि सायकल काढून घरी आले. मेलेल्या खोलीतून येऊन दुधात हात बुडवणारा वेडा आमच्या सगळ्या लिस गावात सापडायचा नाही.

घरी वाउटर, माझा नवरा. फेब्रुवारीत इस्पितळात त्याचं हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केलं आणि माझा माणूस मला परत दिला. तेव्हापासून त्याला साधा ठसका लागला तरी मी हातातलं टाकून धावते. त्याच्या बोटांत अजून जोर नाही, म्हणून शर्टाची बटणं मीच लावते. त्या संध्याकाळीही बाहेर फिरायला जायचं म्हणून मीच लावली.

पुढच्या आठवड्यात मेलेल्या खोलीत एक कागद हाती आला. त्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या आधी दाबलेला पांढरा ट्युलिप. त्याच्या पाकळ्यांवर लाल पट्टे होते. कुणीतरी कागदांची अदलाबदल केली असेल म्हणून मी चिडले आणि दुसरा उघडला. त्यावरही पट्टे. ओलसर वाटावेत इतके ताजे.

मी हे शिकवते. मेलेल्या पेशीत विषाणू काही करू शकत नाही. त्याला चालतं यंत्र लागतं. म्हणून पाकळीचा कण खरवडून काचघरातल्या जिवंत रोपांवर चोळला आणि काही आठवडे वाट पाहिली. काही उठलं नाही. कुपीतली भुकटी चोळली. तरी काही नाही. गेल्या साली याच भुकटीने आमचा अख्खा वाफा रंगवला होता.

मग पेंढा भरलेल्या टिटवीच्या पांढऱ्या पोटावर लाल रेघ दिसली. पिसांच्या कडेने आत चाललेली.

आलेइडाला बोलावलं. तिने टिटवी उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"आपण याला मेलेल्यांत ठेवलं," ती म्हणाली, "ते याने ऐकलं वाटतं."

"भलतंच काय बोलतेस!"

"मग तू सांग. जिवंतावर उठत नाही, मेलेल्यावर उठतो."

मला राग आला. भुकटी घेऊन मी माझ्याच मनगटावर चोळली, कातडी सोलवटेपर्यंत. रोज बघत होते. खरचटलेलं बरं झालं, पट्टा काही उठला नाही. मला हायसं वाटलं. इतकं, की येताना वाउटरच्या आवडीची गोड बिस्किटं घेऊन आले.

सकाळी त्याची बटणं लावत होते.

गळ्याखाली, हाडाच्या जरा वर, एक लाल रेघ होती.

"काय गं, काय बघतेस?"

"काही नाही. मान वर कर."

मनगट धरलं. नाडी होती. एकसारखी, ठाशीव. हात उबदार होता. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "आज वाटाण्याचं सूप कर ना." मला रडायला आलं. मी वरचं बटणही लावलं.

रेघ दुसऱ्या दिवशी खांद्याकडे गेली. मग दंडावरून मनगटाकडे. वाउटरला भूक चांगली लागायची, शीळ घालायचा. झोपला की मी छातीला कान लावून पडायचे. धडधड ऐकू यायची. पण धडधडीवर माझा विश्वास राहिला नव्हता.

रविवारी आलेइडा कॉफीला आली, न सांगता. मी वाउटरला उन्हाळ्यात लोकरीचा स्वेटर घातला होता.

"उकडत नाही का रे तुला?" तिने विचारलं.

"हिला विचार. हिच्यापुढे माझं काय चालतंय!"

तो बिस्किटाला हात पुढे करत होता. बाही मागे सरकली.

आलेइडाने पाहिलं. कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, हवापाण्याचं बोलली. दोघं हसलीही कशावर तरी. मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

दारापर्यंत मी तिला सोडायला गेले. तिने सायकलचं कुलूप काढलं.

"शुक्रवारी भट्टी पेटवतोय. पट्टे उठलेलं सगळं जाळायचं. फुलं, पक्षी, सगळं."

"बरं."

"तुझ्याकडचं काही आणायचं राहिलं नाही ना, रिन्स्के?"

आतून वाउटरची शीळ येत होती.

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "मी गाडी पाठवते," ती हळूच म्हणाली, आणि निघून गेली.