पूजेतला पाना

फौजदार बंडोपंत रूपरावांना अटक करायला रोहण्यात आले, तेव्हा रूपरावांची बायको शकुबाई मोडलेला हात गळ्यात अडकवून ओसरीवर बसली होती. काल दसऱ्याच्या सकाळी आर्वीच्या वाटेवर रूपराव चालवत असलेल्या जीपचं स्टेअरिंग एकाएकी सुटलं. शेजारचे म्हातारे नानाजी कडेनं चालले होते, त्यांना धडकून जीप नाल्यात गेली. नानाजींनी वर्ध्याच्या दवाखान्यात अजून डोळे उघडले नव्हते.

“स्टेअरिंगचे झिजलेले जोड घरीच बदललेत?” फौजदारांनी रूपरावांना विचारलं.

“हो साहेब. अष्टमीले. मी अन् माणिकनं.”

“नट सुटू नये म्हणून त्यात पिन असते. ती घातली?”

“म्याच घातली. टोकंही वाकवली.” रूपरावांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. “घातलीच असन.”

ते ‘असन’ शकुबाईच्या काळजाला लागलं. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून पाहणारा माणूस! एका दिवसात त्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला होता.

“भाऊजी घाईत होते, साहेब,” माणिक हळहळला. “चुकलं असन.”

माणिक शकुबाईचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला. काल आर्वीत पॅनेलची बैठक होती, सरपंचपदाचं नाव ठरायचं होतं. रूपराव पोचलेच नाहीत आणि नाव माणिकचं ठरलं. हात ठणकत असतानाही शकुबाईनं त्याच्या तोंडात साखर घातली होती.

“साहेब, मले गाडी पाहू द्या,” ती उठली.

बैलांनी ओढून आणलेली जीप अंगणात उभी होती. सुटलेला जोड चाकापाशी लोंबत होता. त्याच्या आट्यांत, ग्रीसमध्ये काहीतरी लाल अडकलं होतं. तिनं बोट फिरवलं. कुंकू!

ती तडक देवघरात गेली. खांडेनवमीला मांडलेली अवजारं अजून पाटावरच होती, कालच्या गोंधळात पूजा उचलायची राहून गेली होती. पक्कड, हातोडी, पाने, प्रत्येकावर तिच्या बोटाचे हळदीकुंकवाचे गोल ठिपके. मोठ्या पान्यावर मात्र नुसतं कुंकू, तेही उभं ओढलेलं.

तो पाट तिनं फौजदारांपुढे आणवला.

“अष्टमीले काम झालं, तवा पान्याले कुंकू नव्हतं साहेब. नवमीले म्या लावलं. मंग ते नटापाशी गेलं कसं? पूजेनंतर कोणीतरी पिन काढली अन् याच पान्यानं नट ढिला केला. कुंकू पुसलेलं पाहून भ्याला, परत लावलं. हळद लावाची राह्यली.”

“कोणी?”

“घरात आमी तिघंच. यायनं केलं असतं, तं मले बाजूले बसवून तीच गाडी हाकलली असती काय?” ती भावाकडे वळली. “मागची सीट रिकामी होती, माणिक. तू काऊन एस.टी.नं गेला?”

माणिकनं ओठांवरून जीभ फिरवली. “मले... गाडीत मळमळते.”

“परवापर्यंत तं तूच चालवत होता.”

माणिकनं हात जोडले. “गाडी घराच्या फाटकापाशीच अडकन वाटलं, ताई. भाऊजीची बैठक हुकावी, येवढंच. नानाजी मधात येतीन, मले काय मालूम?”

“अन् मी? मी मावशीकडे चालली होती. माही पिशवी समोरच्या सीटवर कोणं ठेवली?”

पिशवी माणिकनंच ठेवली होती.

बंडोपंतांनी पाना रुमालात गुंडाळला. माणिक बहिणीच्या पायाशी वाकला. तिनं पाय मागे घेतले.

“पूजेतलं लोखंड हलवलं म्हून तुले देवाचं भेव वाटलं. माहं काहीच वाटलं नाई?”

शिपाई त्याला घेऊन गेले. येत्या भाऊबीजेसाठी तिनं त्याला घेतलेला सदरा कोनाड्यात तसाच घडी करून ठेवलेला होता. रूपराव अजून आपल्या तळहातांकडे पाहत होते. शकुबाई त्यांच्याजवळ बसली.

“तुमची पिन बराबर होती,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.