नसलेल्या तळ्याची वाट

आत्याला जिवंत परत आणायचं, एवढाच आमच्या मोहिमेचा उद्देश होता. ती एका तळ्याकडे गेली होती. ते तळं अस्तित्वात नव्हतं. ही गोष्ट जगात फक्त दोन माणसांना माहीत होती आणि ती दोघंही गुरुवारी पहाटे एका खेचराच्या मागून चढ चढत होती.

त्यातला एक मी. आमचं कार्यालय प्रवासाची पुस्तकं काढतं. ‘एकदा तरी पाहावीत अशी ठिकाणं’ हे पुस्तक मी लिहितो. खुर्चीत बसून, पंख्याखाली. दुसरा आमचा नकाशाकार. रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तर त्याला जेवण जात नाही, म्हणून त्याला सगळे मिलिमीटर म्हणतात. नकाशावाल्यांची एक जुनी युक्ती आहे. आपल्या नकाशात एक खोटी गोष्ट पेरून ठेवायची. कुणी नकाशा चोरून छापला की ती खोटी गोष्टही त्याच्या पुस्तकात जाते आणि चोर सापडतो. मिलिमीटरने खिंडीपलीकडच्या कोऱ्या डोंगरात शेंगदाण्याएवढं निळं तळं काढलं. बिनवाटेचं तळं संशयास्पद दिसतं, म्हणून तुटक रेघांची वाट काढली. आणि तळ्याला एकटं वाटू नये म्हणून मी चार ओळी लिहिल्या. चौथी ओळ अशी होती: ‘पाणी गोड आणि बारमाही आहे, उगाच पाण्याचं ओझं वाहू नये.’

चोर काही सापडला नाही. पण वाचकांनी निवडलेल्या आवडत्या ठिकाणांत तळं तिसरं आलं. एका गृहस्थांनी तर कळवलं की त्या काठावरच त्यांचं लग्न ठरलं. आम्ही पोट धरधरून हसलो.

बुधवारी दुपारी मी फोन उघडला. आत्याचा निरोप आदल्या सकाळचा होता. ‘तुझ्या तळ्यावर निघालेय. तू लिहिलंयस म्हणून एकच बाटली घेतलीय. अभिमान वाटतो रे.’

माझं हसणं तिथेच संपलं.

आईबाबांच्या मागे मला आत्यानं वाढवलं. छत्तीस वर्षं ती इस्पितळात परिचारिका होती. हातात घेतलेलं काम तिनं कधी अर्धवट सोडलं नाही. रटाळ सिनेमासुद्धा ती शेवटपर्यंत पाहते आणि मग नावंही वाचते. अशी बाई तळं सापडलं नाही म्हणून परत फिरणार? शक्यच नव्हतं! पोलीस ठाण्यावर कळवलं, तर शोधपथक शुक्रवारी पोचेल म्हणाले. एका बाटलीवर शुक्रवार फार लांब होता.

“तळ्यावर जायचंय ना?” खेचरवाल्यानं पायथ्याशीच विचारलं होतं. “मी नेतो की लोकांना.”

“तुम्ही पाहिलंय ते?” मिलिमीटरचा आवाज चिरका झाला.

“मी कशाला पाहू? मी खिंडीपर्यंत नेतो. तिथं सगळ्यांचा दम निघतो. फोटो काढतात, खाली येतात आणि सांगतात, वा, काय तळं होतं! परवा एक मावशी मात्र एकट्याच गेल्या. खेचर नको म्हणाल्या. मला म्हणाल्या, तुमच्या गुडघ्यावर सूज आहे, मीठ कमी खा.”

आत्याच ती!

आठ वाजता खिंड आली. पलीकडे सुटी वाळू आणि खडी यांचा उतार होता, थेट दरीत गेलेला. खेचरानं एक खूर पुढे टाकला, विचार केला आणि मागे घेतला. आमच्या चौघांत तेवढंच शहाणं होतं. त्याला पाण्याच्या एका कॅनसह तिथेच बांधलं. उरलेले दोन कॅन मी आणि मिलिमीटरनं पाठीला लावले, दोर खेचरवाल्यानं घेतला.

उतार संपला आणि वाट कड्याच्या पोटात शिरली. डावीकडे उभा खडक, उजवीकडे काहीच नाही. पायाखाली दगडाचा पट्टा, कुठे हातभर, कुठे वीतभर.

“ही वाट तुम्ही काढलीत?” मी विचारलं.

“मी तीन मिलिमीटर रुंद काढली होती,” तो डोळे मिटून म्हणाला. “प्रत्यक्षात कमी निघाली.”

खेचरवाल्यानं वर बोट दाखवलं. “दुपारी ऊन कड्यावर आलं की वरचे दगड सुटतात. एकच्या आत परत इकडं यायचं. नाहीतर उद्या सकाळपर्यंत पलीकडंच.”

आम्ही दोर कमरेला बांधला. एक पाऊल. दुसरं. मध्यावर मिलिमीटर थांबला.

“चला!”

“पाय उचलत नाही.”

“सरकवा!”

त्यानं सरकवला. पट्ट्याची कड तुटली! तो बसकण मारून खाली घसरला, दोर ताणला, माझी बरगडी खडकावर आपटली. खेचरवाला मागे रेलला. “धरा! सोडू नका!” आम्ही दोघांनी त्याला कॉलरला धरून वर ओढलं. त्याच्या पाठीवरचा कॅन मात्र सुटला. तो खाली जाताना बराच वेळ ऐकू येत राहिला. पाणी निम्मं झालं. त्यानंतर आमच्यापैकी कुणीही तोंड ओलं केलं नाही.

कड्यापलीकडे दगडांनी भरलेलं एक विस्तीर्ण खोरं पसरलं होतं, ज्यात झाड नव्हतं, पक्षी नव्हता, आवाजसुद्धा नव्हता. नुसतं पांढरं ऊन दगडादगडावर बसून आमच्याकडे बघत होतं. मी ओरडलो. “आत्याऽऽ!” उत्तर नाही. पुन्हा ओरडलो.

मग एका शिळेच्या सावलीतून बारीक आवाज आला, “ओरडू नकोस. पाणी उडतं अंगातलं.”

ती शिळेला टेकून बसली होती. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, उजव्या घोट्याला ओढणी घट्ट बांधलेली. घोटा काल सकाळी मुरगळला होता. बाटलीत बोटभर पाणी शिल्लक होतं; तासाला एक झाकण, असा हिशेब तिनं लावला होता. मी कॅन पुढे केला. तिनं गटागटा पिण्याऐवजी आधी माझी नाडी पाहिली.

“फार धडधडतंय तुझं. आधी तू पी.”

“आत्या, गप्प पी ना गं!”

तिनं घोटघोट पाणी घेतलं आणि मग समोर बोट दाखवलं. “त्या दोन टेकाडांमधे आहे बघ. घोट्यानं दगा दिला, नाहीतर कालच पोचले असते.”

आम्ही पाहिलं. मैलभरावर, दोन टेकाडांच्या मधे, काहीतरी चमकत होतं. निळसर. शेंगदाण्याच्या आकाराचं.

मिलिमीटरनं नकाशा उलगडला. “बरोब्बर तिथेच! अरे, मी जिथे काढलं तिथेच आहे!”

साडेअकरा वाजले होते.

“पाणीच असेल,” खेचरवाला जीभ ओठांवरून फिरवत म्हणाला. “तिथं गेलो तर रातही काढता येईल.”

“आणि नसेल तर?” मी म्हणालो. “आहे तेवढं पाणी चौघांना संध्याकाळपर्यंतही पुरणार नाही.”

“नसेल कसं?” आत्या म्हणाली. “तू लिहिलंयस ना, गोड आणि बारमाही?”

इतकी साधी गोष्ट सांगायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता. “आत्या, ते तळं नाहीये. ह्यांनी ते चोर पकडायला काढलं. मी खुर्चीत बसून लिहिलं. मी इथे कधी आलोच नव्हतो.”

आत्या माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी थर्मामीटर गरम चहात बुडवून शाळा बुडवली होती, तेव्हा ती अशीच बघत होती.

“मग ते चमकतंय काय?”

“माहीत नाही.”

“हे दोन शब्द पुस्तकात लिहायला काय झालं होतं?”

मिलिमीटर तरीही दोन पावलं त्या चमकीच्या दिशेनं गेला. आयुष्यभर बिनचूक रेघा मारलेला माणूस, एकच खोटी मारली आणि तिच्याच मागे निघाला!

“अहो नकाशेवाले,” आत्यानं हाक मारली. “इस्पितळात नाडी लागली नाही तर आम्ही पेशंटच्या मनगटावर पेनानं काढत नव्हतो. फिरा मागे.”

तो फिरला. आणखी तीनदा मान वळवून पाहिलं, पण फिरला.

परत निघालो. मी आत्याला पाठुंगळी घेतलं, दोरानं माझ्याशी बांधलं. कड्यापाशी पोचलो तेव्हा बारा चाळीस झाले होते आणि खडक तापू लागला होता. पट्ट्यावर पाय ठेवला. एक पाऊल. दुसरं. वर कुठेतरी ‘टक’ असा आवाज झाला.

“भिंतीला चिकटा!” खेचरवाला ओरडला.

नारळाएवढा दगड माझ्या कानाशेजारून गेला! मागून दुसरा. खडीचा मारा डोक्यावर.

“मला सोड,” आत्या कानात म्हणाली. “दोर काप आणि ठेव मला इथेच.”

“तू मला सोडलं होतंस?”

“तुझं वजन कमी होतं.”

“बोलू नकोस. हसलो तर पडू.”

तुटलेल्या कडेशी मिलिमीटर पुढे झाला. सकाळी ज्याचा पाय उचलत नव्हता, तो पोटावर आडवा झाला आणि माझा प्रत्येक पाय हातानं उचलून जागेवर ठेवू लागला. “डावा, चार बोटं पुढे. थोडा आत. बस्स! आता उजवा.” माझ्या आयुष्यातली सर्वांत अचूक पावलं मी त्याच्या हातानं टाकली. आम्ही खडीवर कोसळलो आणि मागे कड्यावरून दगडांची सर धडधडत गेली. पट्ट्याचा मधला भाग तिनं दरीत नेला. वाट संपली, कायमची.

खेचरानं आम्हाला पाहिलं आणि जांभई दिली.

खिंडीखालच्या वळणावर एक तरुण जोडपं वर येताना भेटलं. नव्या टोप्या, नवे बूट, हातात आमचं पुस्तक, आणि दोघांत मिळून एक बाटली. मी वाटेत आडवा उभा राहिलो.

“परत जा. वर तळं नाहीये.”

नवरा हसला. “अहो, पुस्तकात दिलंय.”

“ते पुस्तक मीच लिहिलंय. साफ खोटं आहे ते.”

“हो का? आणि हे कोण, नकाशाकार?”

“हो,” मिलिमीटर म्हणाला.

बायको नवऱ्याच्या कानात म्हणाली, “ऊन लागलंय बिचाऱ्यांना. चल.” ती दोघं मला वळसा घालून पुढे निघाली. मी शपथ घेतली, हात जोडले, मिलिमीटरनं ओळखपत्र काढलं. काही उपयोग नाही. लोक खऱ्यावर इतका अविश्वास दाखवू शकतात हे मला पहिल्यांदाच कळलं.

“आटलंय ते यंदा,” खेचरावरून आत्या म्हणाली. “चिखल नुसता. आणि डास.”

दोघं जागच्या जागी थांबली. “अरेरे! डास?” बायको म्हणाली. “आधी सांगायचं ना!” आणि पाच मिनिटांत ती दोघं आमच्या पुढे, खालच्या दिशेनं, तुरुतुरु चालायला लागली.

मी खेचराशेजारून चालत राहिलो. मग धीर करून म्हणालो, “आत्या, तूसुद्धा खोटंच बोललीस.”

“तू बोललास तेव्हा माणसं वर गेली,” ती म्हणाली. “मी बोलले तेव्हा खाली आली. चल, पाय उचल.”