पुढे धावणाऱ्या पाकळ्या

गाडी पुढे पळत असेल, तर तिच्या मागच्या उघड्या हौद्यात पडलेल्या फुलांच्या पाकळ्या कुठे जातील? मागे उडून जातील, हो ना? इरालाही तसंच वाटत होतं. पण मागच्या काचेला नाक चिकटवून ती बघत होती, तर झेंडूच्या पाकळ्या हौद्याच्या तळावरून घसरत चक्क तिच्याच दिशेने येत होत्या! काचेपाशी पोहोचल्या की वर उसळायच्या, मागे जायच्या आणि पुन्हा खालून पुढे यायच्या.

"आत्या, या पाकळ्या उलट्या धावतायत!"

"धावू देत गं," गार्गीआत्या म्हणाली. तिचं लक्ष स्टिअरिंगजवळच्या पडद्यावर होतं आणि पडद्यावरचे आकडे मुळीच गोड नव्हते. मोरदरी दीडशे किलोमीटर लांब होती. इंधन पुरणार होतं एकशे तीस किलोमीटर.

गाडी म्हणजे आत्याचा भलामोठा पिकअप ट्रक. त्याचं नाव दांडगोबा. इराच्या आजोबांनी तो घेतला तेव्हा तो नवाकोरा होता; आता रस्त्यावर सगळ्या विजेच्या गाड्या, आणि हा पठ्ठ्या अजून उसाच्या मळीपासून बनवलेलं इंधन पितो. तसलं इंधन देणारे पंप उरले होते मोजके. वाटेतला एकुलता एक पंप दसऱ्यामुळे बंद होता.

एरवी आत्याने हसून गाडी झाडाखाली लावली असती. आज तसं करून चालणार नव्हतं. इराच्या शेजारी पट्ट्याने बांधलेली उबवणपेटी (अंड्याला पक्षिणीसारखी ऊब देणारी पेटी) होती आणि पेटीत माळढोक पक्ष्याचं अंडं होतं. माळढोक आधीच मूठभर उरलेले. ते जमिनीवर अंडं घालतात, तेही बहुतेकदा एकच. आज सकाळी कुत्र्यांनी मादीला हुसकावलं आणि ती परतलीच नाही. माळरानाची राखण करणाऱ्या आत्याने अंडं उचललं आणि ती थेट मोरदरीच्या पक्षी-केंद्राकडे निघाली. केंद्राची गाडी दुसऱ्याच टोकाला गेलेली. पेटीला वीज दांडगोबाचीच, आणि त्याची बॅटरी म्हातारी. इंजिन बंद पडलं की थोड्या वेळात पेटीही थंड पडणार. मग आतलं पिल्लू वाचणार नव्हतं.

इराने डोकं चालवलं. "आत्या, हौद्यात शिरलेली हवा मागच्या फाळक्यावर (हौद्याच्या मागच्या दारावर) आपटत असणार. भिंतीसारखी! फाळका उघडला तर हवा सरळ निघून जाईल आणि इंधन वाचेल."

"अगं, खरंच की! आपल्याकडचे ड्रायव्हर तेच करतात," असं म्हणत आत्याने गाडी थांबवून फाळका खाली पाडला.

दांडगोबा पुन्हा धावू लागला. पाकळ्या भुर्रकन मागे उडाल्या आणि हौदा रिकामा झाला. इराने टाळी वाजवली. पण दहा किलोमीटरनंतर पडदा म्हणाला: मोरदरी एकशे चाळीस, इंधन एकशे अठरा. म्हणजे तूट कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती! इराचा चेहरा एवढासा झाला.

"मला वाटलंच होतं," मागच्या सीटच्या कोपऱ्यातून आवाज आला.

हा फुंकर. मोरदरीजवळच्या वेधशाळेचा रोबो. माळावरच्या वाऱ्याचा अभ्यास संपवून तो आयताच या गाडीने परत चालला होता. त्याच्या कपाळावर एक वातनेत्र (हवेची हालचाल टिपणारा डोळा) होता, आणि स्वभाव थोडा शिष्टच होता.

"वाटलं होतं तर बोलला का नाहीस?" इरा चिडली.

"मला कुणी विचारलंच नाही."

"आता विचारते. सांग!"

फुंकरचा डोळा निळा झाला. "पाकळ्या पुढे का येत होत्या, ते आधी सांग."

इरा विचारात पडली. "खालची हवा पुढे येत होती म्हणून?"

"शाब्बास. टपावरून आलेली हवा मागे जाते. फाळका बंद असला की तिच्याखाली, हौद्यात, हवेचा एक भोवरा (गोल फिरणारा प्रवाह) अडकून बसतो. वरून मागे, खालून पुढे. पाकळ्या त्याच्यात झोका घेत होत्या. हा भोवरा हौद्यावर ठेवलेल्या झाकणासारखं काम करतो. नवी हवा त्याच्यावरून घसरत जाते, फाळक्यावर फारशी आपटत नाही."

"आणि मी फाळका उघडायला लावला, तेव्हा झाकणच मोडलं!"

"मोडलं. आता हवा हौद्यात कोसळते आणि मागे गोंधळ घालते. गोंधळलेली हवा गाडीला मागे ओढते. याला म्हणतात वातरोध (पुढे जाणाऱ्या वस्तूला हवेने केलेला अडथळा). गाडी पळवायला लागणारा निम्म्याहून अधिक जोर हवेला बाजूला सारण्यातच चाललाय."

आत्याने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं आणि खाली उतरून खाडकन फाळका लावला. मग सीटमागची ताडपत्री काढून दोघींनी ती हौद्यावर ताणून बांधली. "भोवऱ्यापेक्षा हे झाकण पक्कं," आत्या म्हणाली.

फुंकर मात्र खिडकीतून वरच बघत होता. "आणि ते?"

ते म्हणजे दांडगोबाचा थाट! काल खंडेनवमीला आत्याने त्याची पूजा केली होती. दोन्ही बाजूंना उंच केळीचे खुंट, समोर झेंडूचे जाडजूड हार, टपावर बांबूच्या चौकटीत भगवी पताका. गाडी कशी नवरदेवासारखी दिसत होती.

"एकेक पान हवेला अडवतंय," फुंकर म्हणाला.

आत्याने पताकेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बाबा असताना दसऱ्याची सजावट दसऱ्यादिवशी कधी उतरवली नाही रे आम्ही. ते गेल्यावरही नाही."

इराला आजोबा आठवले. तिने पेटीच्या काचेतून आत पाहिलं. मातकट हिरव्या रंगाचं, ठिपक्यांचं ते अंडं बिचारं चूपचाप पडून होतं.

"आत्या, आजोबा पूजा कशासाठी करायचे गं?"

"गाडीने कुणाला वाटेत सोडू नये म्हणून," आत्या म्हणाली. म्हणता म्हणता तिनेच डोळे पुसले, दांडगोबाला हात जोडले आणि केळीच्या खुंटाची दोरी सोडली. सगळं ताडपत्रीखाली आडवं ठेवलं. एक हार मात्र इराने आत आणून उबवणपेटीभोवती घातला. आत्या तो बघून हसली, सकाळपासून पहिल्यांदाच.

"आता वेगाने पळव!" इरा म्हणाली.

"आता सावकाश चालवा," फुंकर म्हणाला. "वेग दुप्पट केला, तर वातरोध दुप्पट नाही, चौपट होतो. पोहताना हळू हात मारला तर पाणी वाट देतं, जोरात मारला तर अडवतं. हवेचंही तसंच."

मग शंभरचा वेग सत्तरवर आला. विजेच्या गाड्या सुळकन पुढे जात होत्या. एका गाडीतल्या पोरांनी वाकुल्या दाखवल्या, इराने दुप्पट वाकुल्या दाखवल्या. पुढे गर्दी दिसली की आत्या ब्रेक मारायच्या आधीच पाय उचलायची, म्हणजे मिळालेला वेग फुकट जात नव्हता.

इराची नजर पडद्यावरून हटत नव्हती. तूट बावीसची अठरा झाली. मग बारा. मग पाच. पाचवर येऊन ती अडली. तेवढ्यात मोरदरीचा लांबलचक उतार लागला. आत्याने गाडी गिअरमध्येच ठेवून पाय पूर्ण उचलला. "उतारावर चाकंच इंजिन फिरवतात, इंधन लागत नाही," फुंकर कुजबुजला. का कोण जाणे, तो चक्क कुजबुजत होता.

केंद्राच्या फाटकातून दांडगोबा आत शिरला, अंगणात आला, दोनदा खोकला आणि बंद पडला.

"पोहोचलो!" इरा ओरडली. आत्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती हसत हसत रडायला लागली.

केंद्राच्या डॉक्टर शबाना मुजावर धावत आल्या. त्यांनी पेटी हारासकट उचलून आत नेली, अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे दिवा धरला आणि इराला जवळ बोलावलं. कवचाच्या आत एक लालसर सावली हलली.

"जिवंत आहे! चांगलं उबदार आहे अंडं. दोन-चार दिवसांत बाहेर येईल," डॉक्टर म्हणाल्या. "हार इथेच राहू दे का?"

"राहू दे," आत्या म्हणाली. "बाबांना आवडलं असतं."

खरोखरच चौथ्या दिवशी पिल्लू बाहेर आलं. इराने त्याचं नाव ठेवलं पाकळी. डॉक्टरांनी पाठवलेल्या चित्रफितीत पाकळी पंख्यासमोर उभी होती. तिने आपले इवलेसे पंख पसरले, वाऱ्याने ती मागे सरकली. मग तिने पंख अंगाशी घट्ट मिटले आणि मान खाली घालून ती तुरुतुरु पुढे चालत गेली.

"बघ," फोनवरून फुंकर म्हणाला, "हिला हे कुणी शिकवलं नाही."