तिखटाच्या डब्यातील सहा काडतुसे

आमच्या ओसेदो गावाच्या माथ्यावरील कुरणांत त्या शरद ऋतूमध्ये पुढच्या एका पायाने लंगडणाऱ्या लांडग्याने एकोणीस मेंढ्या फाडल्या. कळप हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे उतरण्यापूर्वी त्याचा निकाल लावावा, असे पंचांनी मला, म्हणजे गावचा रानरखवालदार एउतिमियो यास, फर्मावले. छातीवरचा पितळी बिल्ला मला वडिलांकडून प्राप्त झाला होता. लांडगा न आणल्यास तो उतरवून घेतला जाईल, हेही मला त्याच बैठकीत ऐकवण्यात आले.

बिल्ल्यासोबत वडिलांची कार्बाईनही मजकडे आलेली होती. बंदुकांच्या एइबार शहरातील कारागिरांनी तीस वर्षांपूर्वी घडवलेले ते आखूड हत्यार रूपाने रायफल, परंतु आहाराने पिस्तूल होते. ‘नऊ लांब’ नावाचे पिस्तुलाचे काडतूस तिला लागे, आणि प्रत्येक बारानंतर नळीचे बूड बंद करणारा बोल्ट हाताने मागे ओढावा लागे. वडिलांनी मोजाभर काडतुसे जमवून ठेवलेली होती. ती घेऊन मी नीकानोर काकांकडे गेलो. तारुण्यात ते एइबारला बंदुका घडवीत असत, आता कुलुपे दुरुस्त करीत.

"यातलं काय चालेल, काका?"

"बसेल जवळजवळ सगळंच. चालेल ते थोडं." त्यांनी मोजा टेबलावर उपडा केला आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. "ही बघ, आखूड. आत सैल पडतात, बाजूनं फाटतात. बाजूला ठेव. ही परदेशी. बुडाला कड आहे, नख फिरव. आत जाईल, पण घुसवलेला पाहुणा घर मोडतो."

तळाशी दोन पुठ्ठ्याच्या पेट्या निघाल्या. एकीवर पिस्तुलासाठी असे छापलेले, दुसरीवर मशीनगनसाठी. दोन्हींतील काडतुसे मी शेजारी शेजारी उभी केली. उंची तीच, पितळ तेच, बुडावरील अक्षरेही तीच.

"ही तर जुळी भावंडं आहेत."

"पोटात फरक आहे. मशीनगनचं धूड मागं रेटायचं म्हणून दारू जास्त घातलीय. तुझ्या म्हातारीचा बोल्ट झिजलाय, एउतिमियो. जोर मागं आला तर मागं काय असतं?"

"मी."

"तू लांब राहिलास. आधी तुझा डोळा."

पिस्तुलाच्या पेटीत केवळ सहा काडतुसे शिल्लक होती आणि तिचा पुठ्ठा कुजला होता. काकांनी मिरचीपुडीचा रिकामा डबा काढून त्यात ती टाकली व खडखडवली. धुरावलेल्या लाल पुडीचा लेप पितळावर चढला.

"लाल ती तुझी. बाकीची विहिरीत."

मी तसेच केले.

आम्ही तिघे निघालो. मी, माझ्या पत्नीचा भाऊ रेस्तितूतो, आणि मेंढ्यांची मालकीण ओनोरीना, जिला त्या डोंगरातील प्रत्येक वाट ठाऊक होती. तिच्या पुढे तिचा राखणीचा कुत्रा तेर्को चालत होता, गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा. रेस्तितूतो पूर्वी बराकीत आचारी होता, आणि बंदुकीविषयी आपणास सर्व कळते अशी त्याची श्रद्धा होती.

दुपारी गारांच्या पावसाने आम्हांस गाठले. मेंढपाळांच्या दगडी झोपडीत आम्ही पाव आणि धुरावर सुकवलेले मांस खाल्ले.

"दाजी, बूट सुकवा. बंदुकीची पेटी मी भरतो," रेस्तितूतो म्हणाला.

"डब्यातलीच भर."

"डब्यातलीच. तुमची ती फोडणीची काडतुसं."

ओनोरीना हसली. मीही हसलो, याचा मला आजही विषाद वाटतो.

झोपडीच्या पुढे ओढा फुगला होता. ओनोरीना काठीच्या आधारे पार झाली. मधल्या दगडावर माझा पाय निसटला. कंबरेपर्यंत पाणी! प्रवाहाने मला दोन हात खाली ओढून नेले. कार्बाईन पाण्याखाली गेली, परंतु मी पट्टा सोडला नाही. रेस्तितूतोने मला कॉलरला धरून बाहेर काढले. त्या दिवशी त्याने माझा प्राण वाचवला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

काळ्या कड्याखाली दगडांची घसरण पसरलेली आहे. धुके क्षणभर विरले आणि वरच्या कडेला तो दिसला. लंगडा, राखाडी, खाली मान घातलेला. साठ पावलांवर! तेर्को न भुंकता धावला. मी गुडघा टेकला, बोल्ट लोटला, दस्ता गालाला लावला.

तेवढ्यात रेस्तितूतो कानाशी कुजबुजला, "घाबरू नका दाजी. सहात तीन माझी घातलीत, बराकीतून आणलेली. मशीनगनची. आडवा करतील त्याला."

माझे बोट घोड्यावरून आपोआप निघाले.

"माझी तीन कुठायत?"

"डब्यात. डबा झोपडीत."

मी बोल्ट ओढला. काडतूस तळहातावर पडले. स्वच्छ! पेटीतली पाचही उपसली. ओढ्याने सारी पुसून काढली होती. सहा पिवळी, ओली, एकसारखी. मी एकेक जिभेला लावून पाहिले. मिरचीची, धुराची चव शोधली. फक्त पितळ आणि पाणी लागत होते.

"काय चाटताय? मारा की!"

वर तेर्कोने लांडग्यास गाठले होते. दोघे गडगडत खाली आले. वीस पावले. लांडगा वर! खिळ्यांचा पट्टा गळा राखतो, पोट राखीत नाही.

"एउतिमियो!" ओनोरीना किंचाळली.

मी कार्बाईन खाली ठेवली. काठी उचलली आणि ओरडत चढलो. ओनोरीना दगड फेकीत होती. दगड पायांखालून सरकत होते, मी दोनदा पडलो. आम्ही पोहोचलो तेव्हा लांडगा तीन पायांवर धुक्यात शिरत होता. तेर्को ओनोरीनाकडे पाहत होता, आणि मग पाहीनासा झाला.

तिने पट्टा सोडवून घेतला. मग ती माझ्याकडे वळली.

"सहातली तीन बरी होती ना?"

"होती."

"मग तू तुझा डोळा राखलास. माझा कुत्रा नाही." तिने पट्टा खांद्यावर टाकला. "चल, रखवालदार. थंडी वाजेल तुला."

गावात पोहोचण्याआधी आमची कथा गावात पोहोचली होती. दुसऱ्या सकाळी दारूच्या गुत्त्यासमोर रेस्तितूतोने माझ्याच कार्बाईनमध्ये तीच सहा काडतुसे भरली आणि सर्वांदेखत चुन्याच्या भट्टीच्या भिंतीवर झाडली. मी त्याचा हात धरला, त्याने तो झटकला. सहा बार झाले. कोणासही काही झाले नाही.

"बघा, दाजी. डोळे दोन्ही जागेवर."

लोक पोट धरून हसले. पंचांनी माझा बिल्ला उतरवून त्याच्या छातीवर लावला, कार्बाईनही त्यालाच दिली.

मी धुळीतून सहा रिकामी नळकांडी वेचली. त्यांतल्या तीन नळकांड्यांच्या बुडाच्या टोप्या चेपून सपाट झाल्या होत्या व बूड फुगले होते. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी केसाएवढी भेग उमटली होती, जी पूर्वी नव्हती. नीकानोर काकांनी भिंग लावून पाहिले आणि टोपी डोक्यावरून काढली.

त्याच सायंकाळी मी ती नळकांडी आणि झोपडीतून परत आणलेल्या डब्यातील तीन लाल काडतुसे घेऊन रेस्तितूतोकडे गेलो.

"वाजलं की नाही?" तो म्हणाला.

"वाजलं. भेग बघ. आता लालसुद्धा झाडू नकोस. टांगून ठेव तिला."

"बिल्ला गेल्याचं दुःख मला समजतं, दाजी. बसा, दारू घ्या." त्याने माझ्यासाठी पेला खरोखर भरला. मी तो न पिता, लाल काडतुसे टेबलावर ठेवून परतलो. प्यालो असतो, आणखी एक तास बसलो असतो, तर कदाचित त्याने भेग पाहिली असती. हा विचार मला सोडीत नाही.

फेब्रुवारीत लांडगा पुन्हा काळ्या कड्याखाली दिसला. दिवस स्वच्छ होता, आकाश निळे, बर्फ कोरडे. रेस्तितूतो एकटाच चढला. ओनोरीनाने त्याला खेचरावर आडवा घालून खाली आणले. बोल्ट मागे आला होता. उजवा डोळा तेथेच गेला. डावा ईस्टरपर्यंत मंदावत विझला. खेचरावरून उतरवताना त्याच्या खिशातून उरलेली काडतुसे मीच काढली. चार होती. चारही कोरडी, पिवळी, चकचकीत.

पंचांनी बिल्ला मजकडे पाठवला. मी तो दारातूनच परत केला. लांडगा अद्याप डोंगरात आहे.

रेस्तितूतो आता आमच्याच घरी राहतो. परवा दुपारी त्याच्या बहिणीने लसणाच्या सारासाठी मिरचीपुडीचा डबा उघडला. त्या वासाने तो बोलता बोलता थांबला. त्याने टेबलावर हात चाचपून माझे मनगट शोधले.

"दाजी, डोळा गेला त्या दिवशी नळीत कुठली होती? लाल होती का?"

त्याची बहीण कढईपाशी पाठमोरी उभी होती. तिचा हात थांबला.

"कळायला मार्ग नव्हता," मी म्हणालो. "बर्फ पडत होतं. सगळी धुतली गेली होती."