त्या अवसेला सिया जेवली

फोन ठेवा बाजूला. आणि अमेय, हसू नकोस. हे आपल्या अ‍ॅशबर्नच्या गुरुनाथचं आहे, अमेरिकेत डेटा सेंटरमध्ये आहे ना, तो.

सप्टेंबरातला रविवार, सर्वपित्री अमावास्या. त्याची बायको वीणा जाऊन चार महिने झाले होते. आईने फोनवर बजावलं होतं, तिच्या नावाने पान वाढ. पण तिला पितरांत धरायला गुरुनाथचं मन होईना. शिवाय त्याला वेगळाच घोर लागला होता. सात वर्षांची सिया जेवेनाशी झाली होती. घास तोंडात फिरवायची आणि टाकून द्यायची. डॉक्टर आता नळीने भरवायचं बोलत होते.

पोरीचं मन रमावं म्हणून तो तिला तिथल्या एका शेतावरच्या म्युझियमला घेऊन गेला. तिथे ट्यूडर काळातलं, म्हणजे चार-पाचशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजी शेत जसंच्या तसं चालवतात. जुन्या वेषातली माणसं डुकरं राखतात, विस्तवावर पाव भाजतात. सियाने डुकरं पाहिली. पावाला मात्र तोंड लावलं नाही.

त्या दिवशी लोकांना कंदील घेऊन शेतावर फिरवणार होते, म्हणून अंधार पडेपर्यंत उघडं होतं. निघताना पाहतो तर सिया नाही. गुरुनाथ हाका मारत सुटला. गोठा पाहिला. खुराडं पाहिलं. शेवटच्या घराला बाहेरून कुलूप. आत मात्र उजेड...

थप्... थप्... थप्...

पाव असा कोणी थापत नाही रे.

"सिया?"

थापणं थांबलं.

"बाबा, वेट. आई सेज, फिनिश इट फर्स्ट."

तो कुलूप ओढू लागला. "वीणा... एकदा दार उघड. एकदाच..."

उजेड गेला.

तिथली बाई किल्ली घेऊन धावत आली. म्हणाली, या घरात वसंतापासून कोणी विस्तव पेटवलेला नाही, धुराडं फुटलंय. दार उघडलं. चूल थंडगार. सिया एकटीच बसलेली, तोंडाला पीठ.

"आय एम फुल, बाबा. आई विचारत होती, तू जेवलास का."

तिच्यापुढे दगडावर एक भाकरी होती. गरम.

सिया त्या दिवसापासून जेवते. ती भाकरी गुरुनाथच्या फ्रीझरमध्ये आहे. मी पाहिलीय. वर पाच बोटं उमटलीत, बाईमाणसाची. म्हटलं, अरे, तुझ्या वाटची आहे, खा. तर म्हणतो, "काका, खाल्ली तर बोटं जातील."